एका फायरमनचा दावा आणि आपली युनियन

(इटारसी येथे रेल्वे व टपाल शाखांच्या पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात शाखा सचिवांनी केलेले भाषण)



नोकरीत भेदभाव झालेल्या माणसाची बाजू कोणी मांडायची, या विषयावर बोलायला मला सांगितले आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस, वकील नव्हे. चार्जशीटांना उत्तरे लिहिण्यात आणि साहेबांच्या दारात बाकावर बसण्यात जी वर्षे गेली, तेवढ्या शिदोरीवर बोलणार आहे. कायद्याची कलमे छापील पुस्तकात मिळतात, ती वाचून दाखवण्यासाठी तुम्हाला रजा टाकून यायला लावणे बरे नाही. म्हणून आधी एका खटल्याची हकिकत सांगतो. खटला रेल्वेतला आहे, फायरमनचा आहे, सेवाज्येष्ठतेचा आहे. प्रतिवादी म्हणून त्यात रेल्वे कंपनीच्या शेजारी युनियन उभी आहे. घडला तो अमेरिकेत.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वाफेच्या इंजिनावर कोळसा मारण्याचे काम मोठ्या प्रमाणात काळ्या माणसांकडे असे. तुमच्यापैकी पुष्कळांचे वडील वाफेच्या इंजिनावर होते, माझेही होते. भट्टीपुढे फावडे मारून घरी आलेला माणूस कसा दिसतो हे तुम्हाला सांगायला नको. धूर, धग आणि अंगमेहनत काळ्याला, ड्रायव्हरची जागा गोऱ्याला, असा तिकडचा रिवाज होता. काळा फायरमन कितीही वर्षे राबला तरी ड्रायव्हर होत नसे. पुढे भट्टीत कोळसा ढकलणारी यंत्रे आली, काम हलके झाले, आणि मग ती जागा गोऱ्यांनाही हवीशी वाटू लागली.

फायरमनांची मोठी युनियन होती ब्रदरहुड ऑफ लोकोमोटिव्ह फायरमेन अँड एंजिनमेन. नावात बंधुभाव, पण सभासदत्व फक्त गोऱ्यांना. १९३४ साली दुरुस्त झालेल्या रेल्वे कामगार कायद्यानुसार बहुमताने निवडलेली युनियन त्या वर्गातल्या सर्व कामगारांच्या वतीने करार करी. म्हणजे काळ्या फायरमनचा पगार, पाळी, ज्येष्ठता सगळे ही युनियन ठरवणार, त्याला वेगळा करार करता येणार नाही, आणि युनियनच्या सभेला मात्र दाराबाहेर ठेवणार.

२८ मार्च १९४० रोजी या युनियनने आग्नेय भागातील २१ रेल्वे कंपन्यांना नोटीस दिली. मागणी अशी की, यापुढे ‘बढतीयोग्य’ माणसांनाच फायरमन म्हणून घ्यावे. मित्रहो, हा शब्द नीट ऐका. कागदावर काळा-गोरा काही नाही. पण काळ्याला ड्रायव्हर करायचेच नाही असा रिवाज आधीच होता, तेव्हा बढतीयोग्य म्हणजे गोरा, हे स्टेशनवरच्या पोराला सुद्धा कळत होते. आपल्याकडे ‘प्रशासकीय हितार्थ’ बदली होते, ‘अनुभव अपुरा’ असा शेरा पडतो. जात, लिंग, अपंगत्व यांतला एकही शब्द फाइलवर येत नाही. भेदभाव करणारा इतका अडाणी नसतो की आपले कारण लिहून ठेवील.

१८ फेब्रुवारी १९४१ रोजी करार झाला. प्रत्येक ज्येष्ठता विभागात, प्रत्येक प्रकारच्या कामावर निम्म्यापेक्षा जास्त काळे फायरमन असू नयेत, आणि हे प्रमाण येईपर्यंत नव्या व रिकाम्या जागा गोऱ्यांनाच द्याव्यात, असे ठरले. काळ्या फायरमनांना याची कोणी सूचना दिली नाही, कोणी विचारलेही नाही.

अलाबामा राज्यात लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेवर बेस्टर विल्यम स्टील नावाचा फायरमन होता. पॅसेंजर गाड्यांच्या लिंकमध्ये एक गोरा आणि पाच काळे अशी सहा माणसे होती, त्यांत हा एक. पगार चांगला, वेळा सोयीच्या, कामाबद्दल तक्रार नाही. एप्रिल १९४१ मध्ये लिंकचे अंतर कमी झाले असे सांगून सगळ्या जागा रिकाम्या जाहीर केल्या गेल्या. काळ्या फायरमनांना अपात्र ठरवून त्यांच्या जागी चार गोरे आणले गेले. चौघेही स्टीलपेक्षा कनिष्ठ. स्टील सोळा दिवस बिनकामाचा राहिला. मग त्याला लोकल मालगाडीवर टाकले, तिथे मेहनत जास्त आणि पैसा कमी. तिथूनही एका कनिष्ठासाठी काढून शंटिंगच्या इंजिनावर पाठवले, ते काम त्याहून जड.

स्टीलने कोर्टात दावा लावला. दावा दाखल झाल्यावर ३ जानेवारी १९४२ रोजी त्याला गुपचूप पुन्हा पॅसेंजरवर घेतले. प्रशासन कुठलेही असो, नोटीस लागली की जागा सापडते! पण त्याने दावा मागे घेतला नाही. जागा परत मिळाली तरी करार तसाच होता, आणि इतर काळे फायरमन त्याखाली भरडले जातच होते.

आता वकिलाकडे येतो. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन, जन्म १८९५, हार्वर्डमध्ये कायदा शिकलेला काळा माणूस. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात अधिकारी होता. तिथे काळ्या सैनिकांना मिळणारा न्याय पाहून त्याने वकील व्हायचे ठरवले. पुढे हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा विद्यालयाची सूत्रे त्याच्याकडे आली आणि तिथे त्याने काळ्या वकिलांची एक पिढीच घडवली. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले थर्गुड मार्शल त्याचेच विद्यार्थी. स्थानिक बाजू बर्मिंगहॅम शहरातले काळे वकील आर्थर शोअर्स यांनी सांभाळली. पाठीशी काळ्या रेल्वे कामगारांच्या लहान संघटना होत्या. त्यांना मान्यता नव्हती, करार करण्याचा अधिकार नव्हता. भट्टीपुढच्या माणसांची वर्गणी एवढेच त्यांचे बळ.

अलाबामाच्या न्यायालयांनी दावा फेटाळला. बहुमताच्या युनियनला हवा तो करार करण्याचा हक्क आहे, असा एकंदर सूर. ह्यूस्टनने प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात नेले, स्वतः उभे राहून मांडले, आणि १८ डिसेंबर १९४४ रोजी स्टीलच्या बाजूने निकाल झाला. मुख्य न्यायमूर्ती स्टोन यांनी मांडलेला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. कायद्याने युनियनला सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला, त्याचबरोबर अल्पसंख्याकांचा स्वतः बोलण्याचा अधिकार काढून घेतला. ज्याचे तोंड तुम्ही आपल्या ताब्यात घेतले, त्याच्यासाठी प्रामाणिकपणे आणि पक्षपात न करता बोलणे तुम्हाला बंधनकारक आहे, मग तो तुमचा सभासद असो वा नसो.

आणखी एक गोष्ट त्या निकालात आहे. रेल्वेच्या तक्रारींसाठी तिकडे एक मंडळ होते, त्यात अर्धे सदस्य कंपन्यांचे आणि अर्धे मोठ्या युनियनांचे. प्रतिपक्षाचे म्हणणे होते की स्टीलने आधी तिकडे जायला हवे होते. न्यायालय म्हणाले, ज्यांच्याविरुद्ध खरी तक्रार आहे त्यांनीच निवडलेल्या पंचांपुढे जा असे सांगण्यात अर्थ नाही. आपल्या कार्यालयांतल्या तक्रार समित्यांवर कोण कोण बसते हे जरा आठवून बघा.

निकालाने सगळे साधले असे मात्र नाही. काळ्यांना सभासद करून घ्याच, असे न्यायालयाने सांगितले नाही. युनियन हटवादीच राहिली. पाच वर्षांनी, १९४९ साली, त्याच युनियनविरुद्ध दुसऱ्या फायरमनांचे प्रकरण घेऊन ह्यूस्टनला पुन्हा सर्वोच्च न्यायालयात उभे राहावे लागले, आणि १९५० मध्ये वयाच्या ५४ व्या वर्षी तो वारला. मालकाबरोबर युनियनलाही भेदभावाची मनाई करणारा नागरी हक्क कायदा १९६४ साली आला. त्या कायद्यात दोन व्यवहारी तरतुदी आहेत. कोर्ट गरीब तक्रारदाराला वकील नेमून देऊ शकते, आणि तक्रारदार जिंकला तर त्याच्या वकिलाची वाजवी फी हरलेल्या पक्षाकडून वसूल होऊ शकते. म्हणून गरिबाचे प्रकरण घेणारा वकील तिकडे उपाशी मरत नाही. आपल्याकडे जिंकलेल्या कर्मचाऱ्यालाही वकिलाचे पैसे बहुधा स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. याविरुद्ध आपल्या मागणीपत्रांत एक ओळ असावी, असे माझे मत आहे.

कोणी म्हणेल, अमेरिकेच्या गोष्टी आम्हाला कशाला? तर तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. स्टीलची जागा गेली १९४१ मध्ये. त्याच्या तीन वर्षे आधी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी, इथून एकाच लाइनवर असलेल्या मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तिथे सांगितले. हे अनेकांना ठाऊक असते. त्याच भाषणातला रेल्वेचा तपशील कमी लोकांना ठाऊक आहे. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून राबतो, वर चढत नाही. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि घरात त्याचा स्पर्श चालत नाही. आणि कामगारांमधल्या या भेदाविरुद्ध कामगार पुढारी बोलताना आपण कधी ऐकले नाहीत, असा ठपका त्यांनी ठेवला. अलाबामात रंग होता, मनमाडला जात होती, दोन्हीकडे रूळ तेच.

आज कायदा पुष्कळ पुढे आला आहे. रेल्वे आणि टपाल ही सरकारी खाती, त्यामुळे राज्यघटनेचे कलम १६ आपल्याला थेट लागू आहे. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून सरकारी नोकरीत भेद करता येत नाही. नोकरीत असताना अपंगत्व आले तर माणसाला काढता येत नाही, हुद्दा उतरवता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, जागा नसेल तर जादा पद निर्माण करून द्यावे लागते. हे १९९५ च्या कायद्यात कलम ४७ होते, आता २०१६ च्या कायद्यात कलम २० आहे. मेडिकल डिकॅटेगराइज झालेल्या आपल्या रनिंग स्टाफने हे पाठ करावे. टपालातल्या ग्रामीण डाक सेवक बंधूंनी १९७७ सालचा राजम्मा प्रकरणातला निकाल लक्षात ठेवावा. तेव्हाच्या ई.डी. एजंटांची पदे मुलकी पदे आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात मानले, म्हणून न्यायाधिकरणाचे दार त्यांनाही उघडे आहे. ठेकेदाराकडे राबणाऱ्या सफाई कामगाराला मात्र हे दार नाही, त्याचा रस्ता कामगार खात्याकडून जातो.

पण बाजू मांडायची कोणी? आपल्या नियमांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. रेल्वेत एस.एफ.-५ मिळाले, टपालात रूल १४ ची चार्जशीट मिळाली, की आरोपी कर्मचाऱ्याला चौकशीत मदतनीस घेता येतो. सहकारी, निवृत्त कर्मचारी किंवा रेल्वेत युनियनचा पदाधिकारी. खात्याने कायदेतज्ज्ञ उभा केला तर कर्मचाऱ्यालाही वकील मिळाला पाहिजे, हे मुंबई पोर्ट ट्रस्टविरुद्ध नाडकर्णी या १९८३ साली छापून आलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. हे सगळे आरोपीसाठी. ज्याच्यावर अन्याय झाला, ज्याला डावलले, त्याला चार्जशीट नाही, चौकशी नाही, आणि म्हणून मदतनीसही नाही. त्याच्या हातात असतो फक्त त्याचा अर्ज. लैंगिक छळाच्या तक्रारीत तर २०१३ च्या नियमांप्रमाणे अंतर्गत समितीपुढे कुठल्याच पक्षाला वकील आणता येत नाही. तक्रारदार बाई एकटी आणि समोर तिचा साहेब. अशा वेळी तो अर्ज नीट लिहून देणारे माणूस हाच तिचा वकील. त्या तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

मुदतीचे सांगतोच, कारण आपले लोक अन्यायाने हरत नाहीत इतके उशिराने हरतात. प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे कॅट. तिथे अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आधी खात्यात अपील करायचे. सहा महिने उत्तर आले नाही तर त्यानंतरचे एक वर्ष मिळते. साहेब म्हणतात, पुन्हा निवेदन दे, बघतो. आपला माणूस दर दिवाळीला निवेदन देत राहतो आणि समजतो की प्रकरण जिवंत आहे. एकामागून एक निवेदने दिल्याने मुदत वाढत नाही, हे राठोड विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९८९ च्या निकालात सात न्यायमूर्तींनी सांगून ठेवले आहे. तीच गोष्ट आयोगाची. अनुसूचित जाती आयोग कागद मागवतो, अधिकाऱ्याला बोलावतो, त्याचा उपयोग होतो. पण आयोगाचे पत्र म्हणजे कोर्टाचा मनाई हुकूम नव्हे, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले आहे. आयोगाकडे जाऊ नका असे नव्हे, पण तिकडे वाट बघत कॅटची मुदत घालवू नका.

कॅटमध्ये अर्जाची फी ५० रुपये आहे आणि स्वतः उभे राहून बोलता येते. तिथे हरलात तर १९९७ च्या चंद्रकुमार निकालापासून उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येते, आणि तिथे मात्र वकिलाशिवाय निभावणे कठीण. वकील परवडत नसेल तर १९८७ चा विधी सेवा कायदा आहे, १९९५ पासून अमलात आलेला. त्याच्या कलम १२ खाली महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळू शकतो, आणि या मंडळींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्या कायद्यात कोर्ट या शब्दात न्यायाधिकरणही येते. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० हा नोटीस बोर्डावर लावायला काही खर्च नाही. मोफत वकील सगळेच मन लावून लढतात असे मी म्हणणार नाही. मिळालेल्या वकिलाला कागद तयार करून देणारा कोणी असेल तर तोच वकील दुप्पट कामाचा होतो, हा माझा अनुभव.

एक उदाहरण देतो, ठिकाण आणि नावे राहू द्या. नवऱ्याच्या मृत्यूनंतर अनुकंपावर लागलेली एक बाई ट्रॅकवर नेमली गेली. सुपरवायझरने तिला ऑफिसात चहा-पाण्याला आणि झाडलोटीला ठेवली. बाईमाणूस, उन्हात काय करणार, असा वर उपकाराचा आव. पुढे विभागीय निवड निघाली तेव्हा हाच सुपरवायझर लिहून देतो की हिला ट्रॅकच्या कामाचा अनुभव नाही, आणि तिच्यापेक्षा कनिष्ठ पुरुषांना बोलावणे आले. ती शाखेत आली. सुपरवायझरही आपलाच सभासद, वर्गणी वेळेवर देणारा, निवडणुकीत दहा मते आणणारा. दोघे-तिघे म्हणाले, घरचे भांडण आहे, घरात मिटवू. मिटवू म्हणजे तिने गप्प बसावे. आम्ही माहिती अधिकारात दहा रुपये भरून हजेरीपुस्तकाच्या आणि ज्येष्ठता यादीच्या प्रती काढल्या. हजेरी तिची गँगमध्ये लागत होती आणि काम करून घेतले जात होते ऑफिसात. अनुभव नाही म्हणावे तर हजेरी खोटी, हजेरी खरी म्हणावी तर शेरा खोटा. एवढेच दोन परिच्छेदांत लिहून पोहोच घेऊन अर्ज दिला. पुढच्या निवडीला तिला बोलावणे आले, मधले वर्ष मात्र गेले ते गेलेच. सुपरवायझरने युनियन सोडली. सोडू दे.

ह्यूस्टनची ताकदही अशाच कागदात होती. स्टील कनिष्ठ होता का? नाही. त्याच्या कामात खोट होती का? नाही. त्याच्या जागी आले ते ज्येष्ठ होते का? चौघेही कनिष्ठ. समोरच्याच्या मनात काय होते हे सिद्ध करत बसण्यापेक्षा त्याच्या कागदातली विसंगती दाखवावी. त्यासाठी ज्येष्ठता यादी, हजेरी, आदेशाची तारीख आणि अर्जाची पोहोच या चार गोष्टी पहिल्या दिवसापासून सांभाळल्या पाहिजेत. वकील सहाव्या महिन्यात आला तरी चालतो. पोहोच पहिल्याच दिवशी घ्यावी लागते.

आता आजच्या ठरावाबद्दल. जेवणानंतर आपल्यापुढे कायदेशीर मदत निधीचा मसुदा येणार आहे. त्यात लिहिले आहे की कार्यकारिणी ज्या प्रकरणाला मंजुरी देईल त्याला निधीतून मदत मिळेल. मी दोन दुरुस्त्या लेखी दिल्या आहेत. पहिली अशी की, तक्रार ज्या सभासदाविरुद्ध असेल तो आणि त्याच सेक्शनमधले पदाधिकारी त्या मंजुरीच्या वेळी बैठकीत बसणार नाहीत. दुसरी अशी की, भेदभावाच्या प्रकरणात अर्जदार आपला सभासद नसला तरी त्याचा अर्ज लिहून देणे आणि कागद काढून देणे शाखेला बंधनकारक राहील, पैशाची मदत फक्त सभासदांपुरती ठेवायची तर ठेवा. दुसऱ्या दुरुस्तीला विरोध होणार हे मला ठाऊक आहे. वर्गणी न भरणाऱ्यासाठी आपण का राबायचे, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. पण आपण मान्यताप्राप्त म्हणून त्याच्याही वतीने प्रशासनाशी बोलणी करतो, त्याच्याही पाळ्या आणि लिंक ठरवतो. मतदान हात वर करून न घेता चिठ्ठीने घ्यावे, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे.